बँकेची पात्रता आणि घराची वही

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आरतीनंतर मंडळातले एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. दोघेही नोकरी करणारे, एक मुलगी शाळेत, मुलगा बालवाडीत. घर भाड्याचे. हातात मोबाईल आणि त्यावर बँकेचा संदेश: तुम्ही ४७ लाखांपर्यंतच्या गृहकर्जास पात्र आहात. "काका, आता घेऊनच टाकतो. ५५ लाखांचा फ्लॅट बघितलाय, वाघोडिया रोडच्या पुढे. बँक देतेय म्हणजे झेपणारच ना?"

या प्रश्नाला "हो" म्हणणारा मीच होतो, नोकरीत असताना. आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. घर पाहावे बांधून ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण ज्याने दुसऱ्यांच्या घरबांधणीच्या फायली पाहिल्या, त्याला तिचा अर्थ जरा जास्तच कळतो. त्या जोडप्याला मी जे समजावले तेच इथे सविस्तर लिहितो आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत सध्या हाच विषय चालू आहे.

बँक काय मोजते?

बँक तुमचा हातात येणारा पगार पाहते, त्यातला ठरावीक भाग, साधारणपणे निम्मा, सर्व हप्त्यांसाठी धरते आणि चालू असलेले हप्ते त्यातून वजा करते. या जोडप्याचा दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख रुपये. निम्मे ५० हजार. गाडीचा हप्ता ९ हजार. उरले ४१ हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी १ लाखाचा हप्ता ८६८ रुपये होतो. ४१ हजारांना ८६८ ने भागले की ४७ लाख. हेच त्या संदेशातले ४७ लाख.

(दर बँकेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो. मी साऱ्या लेखात साडेआठ धरला आहे. घरचा हिशेब करताना आजच्या दरापेक्षा थोडा जास्तच धरावा, ही जुनी सवय.)

दुसरी मर्यादा घराच्या किमतीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे ५५ लाखांच्या फ्लॅटवर जास्तीत जास्त ४४ लाख. हप्ता सुमारे ३८ हजार २०० रुपये.

या सगळ्यात बँकेने काय विचारले नाही ते पाहा. आईवडिलांच्या औषधांना किती जातात, मुलीची फी पुढच्या वर्षी किती होणार, नवरात्रात आणि दिवाळीत घरातून किती पैसे बाहेर पडतात. हे विचारणे बँकेचे काम नव्हे. पात्रता म्हणजे बँक किती द्यायला तयार आहे. तुम्हाला किती पेलवेल हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फक्त तुमच्या घराच्या वहीत असते.

वही उघडली तेव्हा

मी त्यांना सांगितले, मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे, कार्डाची बिले आणि यूपीआयची यादी घेऊन बसा आणि खर्च लिहून काढा. वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून त्यात घाला. आठवड्याने ते वही घेऊन आले. महिन्याचे आकडे असे होते:

- किराणा, दूध, भाजी: १६,०००
- मुलांची फी, व्हॅन, शिकवणी: ९,०००
- वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट: ५,५००
- पेट्रोल, गाड्यांची देखभाल: ५,०००
- कामवाल्या मावशी: ३,०००
- आईवडिलांना मदत आणि औषधे: ७,०००
- आयुर्विमा व आरोग्यविमा (वर्षाचे भागून): ४,५००
- घरभाडे: १४,०००
- गाडीचा हप्ता: ९,०००
- हॉटेल, बाहेरून मागवलेले, सिनेमा, कपडे, ऑनलाइन खरेदी: १२,०००
- सणवार, आहेर, प्रवास (वर्षाचे भागून): ८,०००

एकूण ९३ हजार. शिल्लक ७ हजार.

आता नवे घर या वहीत बसवू. भाड्याचे १४ हजार वाचतील. त्याऐवजी सोसायटीचा मेंटेनन्स आणि महानगरपालिकेचा वेरा मिळून महिना साडेतीन हजार येतील. म्हणजे हप्ता सोडून खर्च ८२ हजार ५००. हप्त्यासाठी उरतात १७ हजार ५००, आणि हप्ता ३८ हजार २००. दर महिन्याला २० हजार ७०० रुपयांचा खड्डा.

सून वहीकडे बघत राहिली. म्हणाली, "काका, म्हणजे बँकेचं गणित चुकलंय का?" मी म्हटले, "नाही गं. बँकेचंही बरोबर आहे आणि तुझंही. बँकेचं गणित बँकेच्या पैशाचं, तुझं तुझ्या घराचं."

हा खड्डा कसा भरला जातो, ते मी पाहिले आहे

माझ्या नोकरीच्या मधल्या काळात असेच एक जोडपे माझ्या टेबलासमोर बसले होते. दोघांचे पगार धरून कर्ज पुरते ओढून घेतलेले. ती फाइल मीच मंजूर केली होती आणि नियमात तसूभर चूक नव्हती. पहिले वर्ष छान गेले. मग फर्निचरसाठी वैयक्तिक कर्ज, मग क्रेडिट कार्डावरचे हप्ते. कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागते, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या पुढे. तिसऱ्या वर्षी बाळंतपणानंतर तिची नोकरी सुटली. एक हप्ता परत गेला, मग दुसरा.

हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादित ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देऊ शकते आणि पुढे तारण ताब्यात घेण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. त्या दोघांनी तेवढी वेळ येऊ दिली नाही. त्यांनी स्वतःच घर विकले, कर्ज फेडले आणि पुन्हा भाड्याच्या घरात गेले. किल्ल्या दिल्यावर ते शाखेत पेढे नव्हे, कागद घ्यायला आले होते. नवरा मला एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही तेव्हा थोडं कमी मंजूर केलं असतं तर बरं झालं असतं." ते वाक्य मी विसरलेलो नाही. हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

११ लाख नव्हे, १७ लाख

दुसरी फसगत सुरुवातीच्या रकमेची. आमच्या जोडप्याकडे १६ लाखांची बचत होती. त्यांचा हिशेब सरळ होता: ५५ लाखांतले ४४ बँकेचे, ११ आपले आणि उरलेल्या ५ लाखांत इंटिरियर. पण गुजरातमध्ये दस्तावर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क लागते, तेही जंत्रीची किंमत आणि दस्ताची किंमत यांतल्या जास्तीच्या रकमेवर. नोंदणी फी १ टक्का वेगळी. इमारत बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या वर्गात १ टक्का. बी.यू. परवानगी मिळून तयार झालेल्या घरावर आणि जुन्या घरावर जीएसटी नाही. त्यांचा फ्लॅट अजून बांधला जात होता. हिशेब असा झाला:

- स्वतःचा वाटा: ११,००,०००
- मुद्रांक शुल्क: २,६९,५००
- नोंदणी फी: ५५,०००
- जीएसटी: २,७५,०००

एकूण १६,९९,५००. वकील, कर्जाची प्रोसेसिंग फी, सामान हलवणे, पंखे, दिवे, पडदे हे यात नाहीत. म्हणजे सोफ्याचा विचार करण्याआधीच बचत संपून लाखभर रुपये कमी पडत होते. शिवाय इमारत पूर्ण होईपर्यंत भाडेही चालू आणि दिलेल्या कर्जावरचे व्याजही चालू, हे दुहेरी ओझे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गुजरातमध्ये खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर १ टक्का नोंदणी फी माफ असते. पतीचे नाव मालक म्हणून आले की ही सवलत जाते. ५५ लाखांच्या घरात ही रक्कम ५५ हजार आहे. नाव कोणाचे लावायचे हा निर्णय केवळ त्यासाठी घेऊ नये, पण माहीत असावे. दुसरे, ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. हा जास्तीचा खर्च नाही, पण विसरलात तर दंड आणि व्याज तुम्हाला पडते.

आणि "कर्ज घेतलं की टॅक्स वाचतो" हे वाक्य आता जपून वापरावे. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही, आणि आता बहुतेक पगारदार नव्या पद्धतीतच आहेत.

दर वाढला तर?

मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. तेव्हा ७ टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज मिळत होते. मे २०२२ पासून रेपो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर पोचला. बदलत्या दराची कर्जे त्यामागोमाग महागली. बहुतेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळे पुष्कळांच्या ते लक्षातही आले नाही.

यातली गंमत, खरे तर गोम, आकड्यांत बघा. ४० लाखांचे कर्ज, ७ टक्के, वीस वर्षे: हप्ता ३१,०१२. सुरुवातीलाच दर ९ टक्के झाला तर पहिल्या महिन्याचे व्याजच ३० हजार. मुद्दलात जातात फक्त १,०१२ रुपये. हप्ता तोच ठेवला तर हे कर्ज फिटायला वीसऐवजी सुमारे अडतीस वर्षे लागतील. वीस वर्षांतच फेडायचे तर हप्ता ३५,९८९ करावा लागेल, म्हणजे महिना जवळजवळ ५ हजार जास्त.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. बँकेचे पत्र किंवा संदेश आला की न वाचता पुसून टाकू नका. शक्य असेल तर हप्ता वाढवून घ्या. ते शक्य व्हावे म्हणून घेतानाच हप्त्यात चार-पाच हजारांची मोकळी जागा ठेवा.

हौसेचे काय करायचे?

आता त्या १२ हजारांच्या ओळीकडे येऊ. वडीलधारी माणसे इथे लगेच म्हणतात, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." मी तसे म्हणत नाही. रविवारी मुलांना घेऊन बाहेर जेवणे, नवरात्रात गरब्याचे पास, उत्तरायणाला गच्चीवर पतंग आणि उंधियू-जिलेबी, ही आपल्या बडोद्याच्या जगण्याची गोडी आहे. ती पूर्ण कापून काढलेले अंदाजपत्रक दोन महिन्यांवर टिकत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात चिडून केलेला खर्च आधीपेक्षा मोठा असतो.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, या १२ हजारांतले कोणते खर्च तुम्हाला आठवतात? हॉटेलातला मुलीचा वाढदिवस आठवला. मंगळवारी रात्री कंटाळा आला म्हणून मागवलेले जेवण आठवले नाही. तीन ओटीटीची वर्गणी चालू होती, पाहत होते एक. सेलमध्ये घेतलेल्या, अजून लेबल न काढलेल्या वस्तू कपाटात होत्या. न आठवणारे खर्च बाजूला काढले तेव्हा ५ हजार निघाले. आठवणारे सगळे ७ हजारांत बसले.

५ हजार म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. म्हणून आणखी एक आकडा देतो. ४० लाखांच्या साडेआठ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जावर हप्त्याव्यतिरिक्त महिना फक्त ३ हजार जास्त भरले, तर कर्ज साधारण साडेतीन वर्षे आधी फिटते आणि सुमारे ९ लाख रुपये व्याज वाचते. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर मुदतीआधी रक्कम भरण्यास दंड लागत नाही. जास्तीची रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करून मुदत कमी करा, असे मात्र लेखी सांगा.

हप्त्याची रंगीत तालीम

आपण मंडळाचे नाटक तालमीशिवाय रंगमंचावर आणत नाही. वीस वर्षांच्या हप्त्याची मात्र कोणी तालीम करत नाही. माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच आहे. घर घेण्याआधी सहा महिने हप्ता भरून पाहा, स्वतःलाच.

पद्धत सोपी आहे. होणारा हप्ता अधिक मेंटेनन्स आणि वेरा, यातून सध्याचे भाडे वजा करा. जो आकडा येईल तो पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. सहा महिन्यांत एखादा सण, एखादे आजारपण, एखादी फी येतेच. तरीही खात्याला हात न लावता निभावले, तर तो हप्ता तुमचा. नाही निभावले तर नुकसान काहीच नाही, उलट शिल्लक तयार.

आमच्या जोडप्याने ४४ लाखांच्या कर्जाची तालीम करायची म्हटले तर महिना २७ हजार ७०० बाजूला टाकावे लागले असते. शिल्लक होती ७ हजार. तालीम पहिल्याच दिवशी बंद पडली. मग त्यांनी थांबायचे ठरवले. गाडीच्या कर्जाचे दहा महिने उरले होते, ते फिटू दिले. त्यानंतर ३० लाखांच्या कर्जाची तालीम केली. हप्ता २६,०३५, त्यात साडेतीन हजार मिळवून १४ हजार भाडे वजा, म्हणजे महिना साधारण साडेपंधरा हजार. गाडीचा सुटलेला हप्ता, आधीची शिल्लक आणि हौसेतून काढलेले ५ हजार मिळून २१ हजार होत होते. सहा महिने एकदाही खाते मोडावे लागले नाही, आणि महिना पाचेक हजार उरलेही.

मग त्यांनी ४० लाखांचे जुने पण नीट राखलेले घर मांजलपुरात घेतले. ३० लाख कर्ज, १० लाख स्वतःचे, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून २ लाख ३६ हजार. जीएसटी नाही. बचतीतले साडेतीन लाखांहून जास्त आणि थांबलेल्या काळातले साठलेले, हे अडीअडचणीसाठी हातात राहिले. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय घराचा दस्त करू नये, असे माझे मत आहे. सोबत कर्जाएवढा मुदत विमा घ्यावा. दोघांच्या पगारावर कर्ज असेल तर विमाही दोघांचा हवा.

फर्निचर त्यांनी केले नाही. स्वयंपाकघर नीट करून घेतले, बाकी जुने कपाट आणि जुनाच पलंग. खोली वर्षाला एक, अशी त्यांची योजना आहे.

आणि समजा एवढे करूनही कधी अडचण आलीच, तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन बोला. आधी येऊन बोलणाऱ्या माणसासाठी बँकेला पुष्कळ काही करता येते. तीन हप्ते चुकल्यावर आलेल्या माणसासाठी फार थोडे उरते. लाजेपोटी न येणारी माणसे मी अधिक पाहिली आहेत, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

गेल्या गुढीपाडव्याला त्यांच्या नव्या घरी वास्तुशांत झाली. घरचीच माणसे, श्रीखंड-पुरीचा बेत. जेवण झाल्यावर सुनेने कपाटातून वही काढून दाखवली. अजून लिहिते आहे. शेवटच्या पानावर मार्च महिन्याची शिल्लक होती ४ हजार ८५० रुपये. "वास्तुशांतीचा खर्च धरून बरं का, काका," ती म्हणाली.

तुमच्या घरात हा विषय चालू असेल तर बँकेत जाण्याआधी एक साधी दोनशे पानी वही आणा आणि मागच्या तीन महिन्यांचा खर्च लिहून काढा. आकडे जुळत नसतील तर रविवारी सकाळी मी मंडळात असतो. वही घेऊन या, आपण मिळून जुळवू.